समितीनं निवडलेली नळी

आमच्या पिंपळझरी सिंचन उपविभागात पाण्याखाली जाणारा माणूस एकच होता. पाण्याखाली कसं जावं याबद्दल मत असणारी माणसं मात्र सतरा होती आणि त्यांतली तिघं खरेदी समितीत होती. तिसरा मी. नाव नानाजी, हुद्दा भांडारपाल. म्हणजे गोदामाची किल्ली माझ्या कमरेला, आणि काही बिघडलं की बोल माझ्या डोक्यावर.

पाणबुड्याचा संच आमच्याकडे आला कसा, ते आधी सांगतो. एका वर्षी वर्धा नदीला पूर आला. सरकारला काळजी वाटली. ती काळजी मुंबईहून निघून आर्वीकडे पोचायला दोन वर्षं लागली आणि तोवर दोन पावसाळे कोरडे गेले होते. पूरनिवारणाच्या पेट्या उघडल्या तेव्हा आत चाळीस शिट्ट्या, पंप नसलेल्या दोन रबरी होड्या आणि हा संच निघाला. पाठीला बांधायची हवेची टाकी, डोळ्यांवरचा काचेचा मुखवटा, आणि दातांत धरायचं एक यंत्र. या यंत्राला रेग्युलेटर म्हणत. टाकीतली हवा एका रबरी नळीतून त्याच्यापर्यंत यायची आणि ते श्वासापुरतीच हवा तोंडात सोडायचं. उपअभियंता ओमप्रकाश साहेबांनी संच काचेच्या कपाटात मांडला. पाहुणे आले की ते आधी चहा पाजायचे, मग संच दाखवायचे.

तो वापरायला माणूस हवा म्हणून चिंधूला बोलावलं. चिंधू आंजीचा. रोजंदारीवर आमच्याकडे होता, पण त्याचं खरं काम विहिरीत बुडी मारण्याचं. पंपाचा फूटव्हॉल्व्ह गाळात गेला, बादली पडली, कधी माणूस पडला, की चारी बाजूंची गावं चिंधूला आणायला सायकल धाडायची. तो एका दमात तळ गाठायचा. त्याच्या कमरेचा दोर नेहमी त्याच्या बायकोच्या, कौशल्याबाईच्या हातात असे. बुडी मारणाऱ्यांत दोर परक्याच्या हाती देत नाहीत. तो पाण्यात गेला की तीही काठावर श्वास रोखायची. तिचा श्वास संपला की वीस मोजायची आणि तरीही दोराला झटका आला नाही तर ओढायची. वीस वर्षं हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. आमच्या कार्यालयातला कोणता हिशेब वीस दिवस तरी बिनचूक राहिलाय, ते मला आठवत नाही.

मुंबईहून एक शिकवणारा आला आणि तीन दिवस राहिला. त्यानं चिंधूला टाकी बांधायला, मुखवटा पुसायला शिकवलं आणि एक गोष्ट दहा वेळा बजावली. टाकीतली हवा छातीत घेतली असेल तर वर येताना दम रोखायचा नाही. हवा वर येताना फुगते, म्हणून ती सोडत सोडतच वर यायचं, नाहीतर छाती आतून फाटेल. चिंधू मान डोलवत होता. नंतर मला म्हणाला की सारी जिंदगी दम धरायला शिकलो, आता हा म्हणतो सोडायला शीक. पण शिकला. तळ्यात पाच-सहा वेळा जाऊन आला. यंत्र तोंडात असेपर्यंत श्वास आपोआप चालू राहतो, मग दम रोखायचं मनातच येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढं संच पुन्हा कपाटात गेला आणि त्यानं पत्र्याखालचे दोन उन्हाळे काढले. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं तडकतात, तिथं रबराची काय कथा. चौऱ्याऐंशी साली पिंपळझरी तलावाच्या तळाशी, पाणी सोडायच्या दाराच्या जाळीत एक अख्खं झाड अडकलं. गव्हाला आणि संत्र्याला पाणी सोडायचे दिवस जवळ आले होते. दार पस्तीस फूट खोल. एका दमात तिथं जाता येतं, पण करवत चालवता येत नाही. संच बाहेर काढला तर नळीला बोटभर लांबीच्या भेगा होत्या.

साहेबांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. त्यानं दोन नमुने पाठवले. दोन्ही टाकीला बसणारे, दोन्ही दाबाला टिकणारे, असं त्याच्या चिठ्ठीत होतं. एक नळी बारीक, हलकी आणि इतकी मऊ की हातावर ठेवली तर दोन्हीकडून लोंबत असे. दुसरी अंगठ्याएवढी जाड, आत तारेची वीण, आणि वाकवायला गेलं तर आपल्यालाच वाकवणारी. कोणती घ्यायची हे ठरवायला समिती बसली. अध्यक्ष साहेब, सदस्य आमचे बडे बाबू पुंडलिकराव, आणि मी.

पुंडलिकरावांची आर्वीजवळ वीस एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी होती, त्यामुळे जगातल्या प्रत्येक नळीबद्दल त्यांना माहिती होती. आमच्याकडे फवारणीच्या पंपाचा पाईप कसा घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार पाईप जमिनीवर टाकतो, गिऱ्हाईक चपलेसकट त्यावर उभं राहतं. दबला नाही तर घ्यायचा. मग वाकवून सोडायचा. ताठ झाला तर अस्सल माल. मग हातावर तोलायचा. जड असला की मालकाचं समाधान होतं. पुंडलिकरावांनी साहेबांच्या खोलीत, सतरंजी बाजूला सारून, या तिन्ही परीक्षा घेतल्या. मऊ नळी त्यांच्या जोड्याखाली चपटी झाली. ती पुन्हा फुगायला लागलेला एक क्षण त्यांनी असा पाहिला, जणू सून उशिरा उठली आहे. जाड नळीवर उभे राहून त्यांनी हात सोडले, तरी तिला काही झालं नाही. मग त्यांनी तिला वाकवलं, आणि ती सुटून टेबलावरच्या शाईच्या दौतीला लागली. साहेब खूश झाले.

मी म्हणालो की ही फवारणीची नळी नाही, तळ्याच्या तळाशी हिच्यावर कोणी चप्पल घालून उभं राहणार नाही. खरं सांगायचं तर हे मी मनात म्हणालो. उघडपणे एवढंच सुचवलं की चिंधूला एकदा दाखवून घ्यावं. साहेबांना हे पटलं. कर्मचाऱ्याला विश्वासात घेतल्याचं इतिवृत्तात लिहिता येतं.

चिंधूला बोलावलं. टाकी त्याच्या पाठीला बांधली, जाड नळी लावली, रेग्युलेटर तोंडात दिला. चिंधूला मागच्या दाढा नव्हत्या. तंबाखूनं आणि एका विहिरीच्या कठड्यानं मिळून त्या नेल्या होत्या. तो समोर पाहत होता तोवर ठीक होतं. त्यानं डावीकडे मान फिरवली तशी नळी ताठ राहिली आणि रेग्युलेटर त्याच्या तोंडातून निघून खांद्याच्या मागं जाऊन उभा राहिला. त्यानं तो पुन्हा ओढून आणला, पुन्हा मान फिरवली, पुन्हा तेच. मग मऊ नळी लावली. चिंधूनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली वाकला, साहेबांच्या टेबलाखाली डोकावून आला. यंत्र तोंडात जागच्या जागी होतं.

“साहेब, हे हलकी द्या जी,” तो म्हणाला. “ते दुसरी जबडा वढून राह्यली.”

“मान कायले हालवतं?” पुंडलिकराव म्हणाले. “दार तं समोरच हाय.”

“खाली दिसत नाई, बाबूजी. हातानं चाचपा लागते, आन् जिकडं हात तिकडं मान जाते.”

“सवय करून घे.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी हातात एकदा ही नळी घेतली, एकदा ती, आणि निकाल दिला की सरकारी वस्तू हातात घेतल्यावर सरकारी वाटली पाहिजे. जाड नळी एकमतानं मंजूर झाली. त्या एकमतात माझं मत होतं. इतिवृत्त मीच लिहिलं: ‘नळी क्र. २ भक्कम, टिकाऊ व वजनदार असल्याचे आढळले. नळी क्र. १ पोचट असल्याने नामंजूर.’ खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे.

मऊ नळी परत पाठवायची म्हणून माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. बुडीच्या आदल्या दिवशी दुपारी चिंधू गोदामात आला. दारातच उकिडवा बसला. बराच वेळ त्यानं आंजीच्या बैलबाजाराच्या गोष्टी केल्या. मग म्हणाला, “नानाजी, ते नळी एका दिवसासाठी देता का? काम झालं का पुसून आणून देतो. कोणाले सांगत नाई.”

आता यात अडचण काय होती, ते ऐका. ती नळी नामंजूर होती, म्हणून साठ्याच्या नोंदवहीत नव्हती. नोंदवहीत नसलेली वस्तू मी देऊ शकत नव्हतो, कारण ती माझ्याकडे नव्हतीच. कपाटात होती, पण माझ्याकडे नव्हती. ज्यांना हे समजत नाही त्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही. मी चिंधूला समजावून सांगितलं. त्यालाही समजलं नाही. मग मी म्हणालो की तुझी नळीबद्दल तक्रार असेल तर अर्ज लिहून आण, मी वर पाठवतो.

“मले लिहिता कुठं येते? तुमीच लिहा.”

मी म्हणालो की अर्ज घेणाऱ्यानं अर्ज लिहिणं बरं दिसत नाही. असा कोणताही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथं, खुर्चीत बसल्या बसल्या केला. चिंधू हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. “राहू द्या मंग,” म्हणाला, “दातानं दाबून धरतो,” आणि गेला. त्याला मागचे दात नाहीत, हे मला तेव्हा चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या भिंतीवर जत्रा भरली. साहेबांसाठी खुर्ची, साहेबांच्या पाहुण्यांसाठी सतरंजी, पुंडलिकरावांसाठी छत्री. कौशल्याबाई दोर घेऊन पाण्याच्या कडेला बसली तेव्हा साहेब म्हणाले की अब मशीन आ गई है, दोराची काय गरज. तिनं ऐकल्यासारखं केलं आणि दोराचा दुसरा वेढा मनगटाला घातला.

चिंधू पाण्यात उतरला. थोड्याच वेळात बुडबुडे यायला लागले. साहेबांनी पाहुण्यांना बुडबुडे दाखवले. कौशल्याबाईला या यंत्राचा हिशेब वेगळा शिकवला होता. बुडबुडे दिसताहेत तोवर श्वास चालू आहे, दोराला हात लावायचा नाही. ती बुडबुड्यांकडे पाहत होती, आणि जुनी सवय जाईना म्हणून मधूनमधून श्वास रोखून सोडत होती. दहा-बारा मिनिटं गेली. एक मोठी फांदी वर आली. टाळ्या झाल्या. मग दुसरी आली. पाणी खालून गढुळायला लागलं, म्हणजे जाळी मोकळी होत होती. पुंडलिकराव मला म्हणाले, पाहिलं का, आपली निवड.

तेवढ्यात बुडबुडे एकदम खदखदून वर आले आणि मग थांबले.

खाली काय झालं ते चिंधूनं पुढं मला सांगितलं. शेवटचं खोड सुटलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर आलं. त्यानं झटक्यानं मान फिरवली. नळी फिरली नाही. रेग्युलेटर तोंडातून सुटून टाकीच्या मागं गेला आणि तिथं क्षणभर हवा ओकून थांबला. हात मागं नेला तर पोचेना. गढूळ पाणी, तोंड उघडं, पस्तीस फूट. अशा वेळी माणूस तीन दिवसांत शिकलेलं करत नाही, तीस वर्षं केलेलं करतो. चिंधूनं ओठ मिटले आणि दम धरला.

वर कौशल्याबाईनं वीस मोजले नाहीत. बुडबुडे थांबले तशी ती उठली आणि ओढायला लागली. मी धावलो, दोन मजूर धावले, सगळ्यांनी मिळून ओढलं. चिंधू वर आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तो खोकला आणि त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त आलं. रेग्युलेटर त्याच्या पाठीमागं ताठ उभा होता.

जीपमधून वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी छातीत नळी घातली. ती मऊ होती. एक फुप्फुस फाटलं होतं. जगेल, डॉक्टर म्हणाले, पण पाण्यात आता पाय धुवायलासुद्धा जपून जायचं. तिकडं दोन दिवसांनी कालव्याला पाणी सुटलं, साहेबांनी नारळ फोडला आणि गव्हाच्या वेळेत पाणी मिळाल्याबद्दल आसपासच्या गावांनी साहेबांना शाल दिली.

मग वरून चौकशी अधिकारी आले. त्यांनी नळी मागवली. टेबलावर ठेवली, वाकवली, तोलली, आणि मला वाटलं आता बूट काढतील. नळीवर ओरखडासुद्धा नव्हता. पुंडलिकरावांनी जबाब दिला की साहित्य उत्तम होतं, पाणबुड्याची कसलीही लेखी तक्रार नव्हती. साहेबांनी जबाब दिला की दोर नको असं स्पष्ट सांगूनही बाईनं दोर बांधला. अहवाल तयार झाला: ‘नळी शाबूत. पाणबुड्याच्या पत्नीने घाईने दोर ओढल्यामुळे तो वेगाने वर आला व त्यास इजा झाली. सबब साहित्यात दोष नाही.’ नुसती वाक्यं पाहिली तर एकही खोटं नव्हतं. तो कागद माझ्यासमोर आला, भांडारपालाच्या सहीसाठी.

मला लाज वाटली. चिंधू वर आला तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा भीती वाटली होती. ‘पत्नीने घाईने’ हे शब्द वाचताना वाटली. मी सहीच्या जागेवर लिहिलं: ‘नळी क्र. २ नको, असे चिंधूने समितीसमोर तोंडी सांगितले होते. नळी क्र. १ माझ्या कपाटात होती. त्याने आदल्या दिवशी मागितली. मी दिली नाही.’ आणि मग सही केली. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घंटी वाजवून चहा मागवला. माझ्यासाठी नव्हता.

आठ दिवसांत ज्ञापन आलं. नामंजूर नमुना मुदतीत परत न पाठवता अनधिकृतपणे कपाटात ठेवल्याबद्दल खुलासा करावा, असं त्यात होतं. बाकी अहवाल होता तसाच वर गेला. म्हणजे या सगळ्या प्रकरणात दोन माणसं दोषी ठरली, एक दोर ओढणारी आणि एक मी, तोही कुलूप नीट लावल्याबद्दल.

खोटं कशाला बोलू, ते ज्ञापन खिशात घालून मी दवाखान्यात गेलो तेव्हा माझी छाती फुगली होती. मी एकटा खरं बोललो होतो. त्याबद्दल कोणीतरी मला दोन बरे शब्द बोलावेत, असं वाटत होतं. चिंधू झोपला होता. झोपेतही त्याचा श्वास ऐकू येत होता, तुटक. कौशल्याबाई खाटेशी जमिनीवर बसली होती. गावात अहवाल पोचला होता. गावात सगळं पोचतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “मी वढलं म्हून झालं का हे?”

मी म्हणालो, नाही. ओढलं नसतं तर तो खालीच राहिला असता. मी तिला सगळं सांगितलं. नळी का ताठ राहिली, यंत्र तोंडातून का निघालं, हलकी नळी असती तर मान फिरली असती आणि यंत्र तोंडातच राहिलं असतं. ती नळी माझ्याकडे होती, हेही सांगितलं. आणि हे मी कागदावर लिहून दिलं आहे, असं सांगून ज्ञापन बाहेर काढलं.

तिनं ते हातात घेतलं नाही. तिनं चिंधूच्या छातीवरचं पांघरूण सारखं केलं.

“तुमच्याजवळ होती,” ती म्हणाली, “तं देली काऊन नाई?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. नोंदवही, साठा, मुदत, अर्ज, सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण त्या माणसाचा श्वास ऐकू येत असताना ते बोलवेना.

“भ्यालो,” मी म्हणालो.

“कोणाले?”

मी विचार करू लागलो. साहेब? बुडीच्या दिवशी त्यांनी नळीकडे पाहिलंही नसतं, ते बुडबुडे दाखवत होते. पुंडलिकराव छत्रीखाली होते. नोंदवही तर मीच लिहायचो. एकेक चेहरा आठवून पाहिला, आणि भिण्यासारखा एकही सापडला नाही. कौशल्याबाई माझ्याकडे पाहत वाट बघत बसली होती.